तारेचा गुण की जोडणीचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तिघे एकाच प्रयोगशाळेत काम करणारे, आणि तिघांनाही गाणे ऐकण्याचा नाद. रविवारी सकाळी एकाच्या घरी जमायचे, चहा घ्यायचा आणि एखादा राग सावकाश ऐकायचा, असा आमचा बरेच दिवसांचा परिपाठ होता. त्या घरच्या अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत गेलेली वायर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली होती. तिचे दुकानातील नाव 'चौदा-छत्तीस'. म्हणजे ३६ नंबरच्या, केसाहून थोड्या जाड अशा १४ तारांचा पीळ. टेबलावरच्या दिव्याला किंवा दारावरच्या घंटेला लावतात तीच ही वायर.

एका रविवारी आमच्यातल्या एकाने परदेशी बनावटीची जाडजूड स्पीकर केबल आणली. आत चकचकीत तांबे, वर पारदर्शक वेष्टण, आणि किंमत सांगण्यासारखी नव्हे! जुनी वायर काढली, नवी लावली, तीच तबकडी पुन्हा ऐकली. फरक तिघांनाही ताबडतोब जाणवला. तानपुऱ्याचा खर्ज भरून आला. गायिका दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसली आहे असे वाटू लागले. जुन्या वायरीचा आवाज आता 'पोकळ' वाटत होता. एकाने हा शब्द वहीत लिहूनसुद्धा ठेवला.

आम्ही विज्ञानाचे पदवीधर, तारेचा रोध कसा काढतात हे आम्हाला ठाऊक. मग ते गणितही मांडले. वायर ४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर. चौदा-छत्तीसचा काटछेद सुमारे ०.४१ चौरस मिलिमीटर. रोध आला ०.३४ ओहमच्या आसपास. नव्या केबलचा जेमतेम ०.०६ ओहम. स्पीकर ८ ओहमचा धरला, तर जुन्या वायरीत शेकडा ४ विभवांतर वाया जात होते आणि नवीत शेकडा एकापेक्षाही कमी. आवाजाच्या पातळीतील हा फरक सुमारे ०.३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम उमगेल न उमगेल एवढाच. पण आम्ही ऐकला तो फरक तर स्वयंपाकघरातूनही कळेल इतका होता. गणित खरे की कान खरा, हा प्रश्न त्या दिवशी तसाच राहिला.

शरीराच्या संवेदनेने तार मोजायची, ही कल्पना मात्र मुळीच नवी नाही. तारेचा अभ्यास सुरू झाला तोच मुळी असा.

इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश (१७३१–१८१०) यांच्या काळी विद्युतधारा मोजण्याचे कोणतेही उपकरण नव्हते. त्यांनी स्वतःच्या शरीराचेच उपकरण केले. काचेच्या लांब नळ्यांत मिठाचे पाणी भरायचे, दोन्ही टोकांना तारा घालायच्या, आणि त्यांतील एक तार आत-बाहेर सरकवून पाण्याच्या स्तंभाची लांबी कमी-जास्त करायची. लेडन बरण्या सारख्याच भारित करून त्यांतील वीज आधी एका नळीतून आणि स्वतःच्या अंगातून जाऊ द्यायची, मग दुसऱ्या नळीतून. कोणता धक्का जोराचा? लांबी बदलत बदलत दोन्ही धक्के सारखे लागेपर्यंत हा उद्योग चालायचा. पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यापेक्षा लोखंडी तार सुमारे ४० कोटी पटींनी चांगली विद्युतवाहक आहे, असा अंदाज त्यांनी १७७६ साली प्रसिद्ध केला. १७८१च्या टिपणांत तर आज आपण ज्याला ओहमचा नियम म्हणतो त्याच्या अगदी जवळचे निष्कर्ष आहेत. पण कॅव्हेंडिश अत्यंत एकलकोंडे. ही टिपणे त्यांनी छापलीच नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ती संपादित करून १८७९ साली, म्हणजे स्वतःच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध केली. हे मोजमाप इतके बरोबर कसे आले याचे मॅक्सवेल यांना इतके नवल वाटले, की केंब्रिजच्या प्रयोगशाळेत त्यांनी तो प्रयोग पुन्हा मांडला आणि इतरांनाही धक्के घ्यायला लावले.

धक्क्यांवर घेतलेली ही मापे जमली, याला कारण आहे. 'हा धक्का किती जोराचा?' असे विचारले तर आपण गोंधळतो. पण 'या दोहोंपैकी जोराचा कोणता?' असे विचारले, दोन्ही धक्के लागोपाठ दिले आणि बाकी सगळे सारखे ठेवले, तर शरीर फार बारकाईने उत्तर देते. कानाचेही तसेच आहे. आमच्या त्या रविवारी वायर बदलायला दहा मिनिटे लागली होती, आणि 'बाकी सगळे सारखे' होते की नाही हे आम्ही पाहिलेच नव्हते.

बाकी सगळे सारखे ठेवणे किती अवघड असते, हे गेओर्ग सायमन ओहम यांना चांगलेच कळले. शिक्षक वाचकांना ओहम आपल्यातलेच वाटावेत. एर्लांगेन गावच्या कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १८१७पासून कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकी शिकवत होता, आणि शाळेच्याच उपकरणांवर प्रयोग करत होता. १८२५ साली त्यांनी तारेची लांबी आणि चुंबकसूचीवर होणारा परिणाम यांचा संबंध सांगणारे सूत्र छापले. ते चुकीचे होते! त्यात लॉगरिथम होता. दोष तारांचा नव्हता, विजेच्या घटाचा होता. त्या काळचे घट जोडल्याबरोबर जोरात असत आणि बघता बघता मंदावत. म्हणजे तार बदलत होती तसा घटही बदलत होता, आणि ओहम दोन्ही परिणाम तारेच्या खाती मांडत होते.

पॉगेनडॉर्फ यांनी सुचवले, की घटाऐवजी उष्णतेपासून वीज देणारे युग्म वापरून पाहा. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचे युग्म केले, त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर विभवांतर हलत नाही. मग एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या, एकामागून एक जोडल्या. १८२६ साली बरोबर सूत्र हाती आले आणि १८२७ साली बर्लिनमध्ये पुस्तक निघाले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले ते १८४१मध्ये. पाठ्यपुस्तकात हा नियम एका ओळीत येतो. त्यामागचे ते चुकलेले वर्ष मुलांना सांगितले पाहिजे असे आम्हाला नेहमी वाटते.

आता तांब्याच्या शुद्धतेकडे येऊ. महागड्या केबलवर हमखास छापलेले असते, की आतील तांबे प्राणवायूविरहित, अतिशुद्ध आहे. ही नुसती जाहिरातबाजी आहे काय? एके काळी नव्हती. अटलांटिक महासागराखालून तारायंत्राची केबल टाकण्याची तयारी चालली होती, तेव्हा ग्लासगोचे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी बाजारातील तांब्याच्या वेगवेगळ्या तारा मोजल्या. दिसायला सारख्या, जाडीला सारख्या, पण वाहकतेत जमीन-अस्मानाचे अंतर. १८५७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि केबलच्या तांब्याची कारखान्यातच चाचणी व्हावी असा आग्रह धरला. जाड तांबे वापरा, हेही त्यांचे म्हणणे होते. १८५८च्या केबलमध्ये ते मानले गेले नाही. राणी व्हिक्टोरियाचा शंभराच्या आसपास शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला १६ तास लागले. कंपनीचे विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस यांनी सुमारे २,००० व्होल्टचे फटके देऊन पाहिले. केबल काही आठवड्यांतच मेली. १८६६ साली यशस्वी झालेल्या केबलमध्ये दर सागरी मैलामागे १०७ ऐवजी ३०० पौंड तांबे होते.

परंतु त्यानंतर तांबे शुद्ध करण्याची विद्युतविच्छेदनाची रीत रुळली, १९१३ साली तांब्याच्या वाहकतेचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. आज चांगल्या प्रतीच्या घरगुती वायरीतले तांबे आणि प्राणवायूविरहित तांबे यांच्या वाहकतेत शेकडा एकाचा फरक निघतो. म्हणजे साध्या तांब्याची ४ मीटर वायर ४ सेंटीमीटर आखूड कापली, तरी तेवढेच साधते. थॉमसन यांचा मुद्दा ३,००० किलोमीटरच्या केबलसाठी जीवन-मरणाचा होता. बैठकीच्या खोलीत तो येतो तो नुसता नावापुरता. केबल किती लांब, हे त्या लहरीच्या लांबीशी ताडून पाहावे. कानाला ऐकू येणारी सर्वांत उंच वारंवारता २० किलोहर्ट्झ. तिची तारेतील लहर सुमारे १० किलोमीटर लांब. तिच्यापुढे आपली ४ मीटरची वायर म्हणजे काहीच नव्हे.

घरगुती स्पीकरचा इतिहास मात्र थॉमसन यांच्या केबलहून बराच अलीकडचा. आजच्या धर्तीचा, चुंबकात हलणाऱ्या वेटोळ्याचा स्पीकर अमेरिकेतील राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली मांडला. त्यानंतरची पन्नासएक वर्षे लोक हाताला येईल ती वायर त्याला जोडत आले. केबलचा आवाजावर परिणाम होतो अशी चर्चा १९७०च्या दशकात सुरू झाली. ज्याँ हिरागा यांचे नाव त्यात पुढे होते. १९७९ साली नोएल ली या अभियंत्याने अमेरिकेत 'मॉन्स्टर केबल' नावाने जाड स्पीकर केबलचा व्यवसाय उभा केला, आणि केबल ही दुकानात वेगळी मांडून विकायची वस्तू झाली. पुढे नवनवी कारणे निघत गेली. त्यातले एक, तारेच्या पृष्ठभागावरूनच उंच स्वर वाहतात, हे. परिणाम खरा आहे. तांब्यात २० किलोहर्ट्झला धारा वरच्या सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या थरात दाटते. पण २ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध त्यामुळे वाढतो तो फार तर पाचव्या हिश्श्याने, आणि मूळ रोधच ओहमचे काही शतांश! त्यापेक्षा तारांचे प्रवर्तन महत्त्वाचे. ४ मीटरच्या जोडतारेत २० किलोहर्ट्झला ते ०.३ ओहमच्या घरात अडथळा करते. फ्रेड डेव्हिस यांनी १९९१ साली बारा केबल मोजून अॅम्प्लिफायर, केबल आणि स्पीकर यांचा एकत्र विचार केला पाहिजे असे दाखवले. प्रवर्तन कमी करण्यासाठी तारा फार जवळ विणल्या तर धारिता वाढते, आणि काही नाजूक अॅम्प्लिफायर अशा केबलमुळे अस्थिर होतात. वायर जाड आणि साधी असावी, हे सांगायला मात्र ओहमचा नियम पुरे.

मग लोकांना ऐकू येते ते खोटे का? येथे आणखी एक जुना प्रयोग आठवतो. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मर यांच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ची चौकशी करण्यासाठी राजाने समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए हे तिचे सभासद होते. मेस्मर यांचे शिष्य देस्लाँ यांनी फ्रँकलिन यांच्या बागेतील एका झाडाला 'चुंबकत्व' दिले. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडांपाशी नेले. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. चुंबकत्व दिलेले झाड अजून बरेच दूर होते. मुलगा सोंग करत नव्हता. त्याला आलेली मूर्च्छा खरीच होती. झाडाशी तिचा संबंध नव्हता, एवढेच.

डोळे बांधण्याची हीच युक्ती ध्वनीच्या क्षेत्रात आली. १९५० साली बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी 'अ', 'ब' आणि या दोहोंपैकी एक असलेला अज्ञात 'क्ष' ऐकवण्याची पद्धत मांडली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मिशिगनमधील हौशी मंडळींनी त्यासाठी झटकन बदलणारी पेटी बनवली. १९८३च्या ऑगस्टमध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी केबलची अशी परीक्षा छापली. जाड साधी वायर आणि महागडी केबल यांतला फरक संगीत ऐकताना श्रोत्यांना ओळखता आला नाही. अगदी बारीक तार मात्र चाचणीच्या खास आवाजावर ओळखता आली, कारण तिच्यामुळे आवाजाची पातळीच उतरली होती.

हे वाचल्यावर आम्हीही परीक्षा द्यायचे ठरवले. आमच्यातल्या एकाची आठवीतली मुलगी परीक्षक झाली. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यापुढे चादरीचा पडदा लावला. प्रत्येक वेळी तिने नाणे उडवायचे, छापा आला तर जुनी वायर, काटा आला तर नवी. आम्ही तिघांनी एकमेकांकडे न बघता 'जुनी' किंवा 'नवी' असे कागदावर लिहायचे. बारा फेऱ्या झाल्या. निकाल: दहा बरोबर, नऊ बरोबर, दहा बरोबर.

बारापैकी दहा किंवा अधिक उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर यायची शक्यता शंभरात सुमारे दोन. आम्ही खूश झालो. गणित हरले आणि कान जिंकला, अशी भाषाही झाली. मुलगी वायरी गुंडाळत होती. तिने विचारले,

"काका, नव्या वायरीवर लाल रेघ आहे. या जुनीची लाल बाजू कुठली?"

आमच्यापैकी एक म्हणाला, "का गं? तू कशी लावत होतीस?"

"हाताला येईल तशी."

आम्ही तिघेही एकदम गप्प झालो. चौदा-छत्तीसच्या त्या वायरीच्या दोन्ही पाती सारख्याच पांढऱ्या होत्या. प्रत्येक स्पीकरला लाल आणि काळे अशी दोन टर्मिनले असतात. दोन्ही स्पीकर सारखे जोडले तर दोघांचे पडदे एकाच वेळी पुढे येतात आणि एकाच वेळी मागे जातात. एकाच्याच तारा उलट झाल्या, तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. ५० हर्ट्झच्या स्वराची हवेतील लहर जवळजवळ ७ मीटर लांब. खोलीभर पसरलेल्या अशा लहरी समोर बसलेल्या माणसापाशी एकमेकींना खोडून काढतात. खर्ज नाहीसा होतो. मधोमध बसलेली गायिका विस्कटते. आवाज पोकळ होतो.

पुढच्या रविवारी टॉर्चचा सेल आणि बल्ब घेऊन जुन्या वायरीची टोके ओळखली आणि एका पातीला दोन्हीकडे लाल दोरा बांधला. पुन्हा बारा फेऱ्या, पुन्हा नाणे, पुन्हा चादर. बरोबर उत्तरे आली सहा, सात आणि पाच. नाणे उडवून उत्तरे लिहिली असती तरी एवढीच आली असती. मग मुलीला सांगितले, आता जुनीच वायर ठेव, पण नाण्याप्रमाणे एका स्पीकरच्या तारा उलट-सुलट कर. तिघांचीही बाराच्या बारा बरोबर. त्या वेळी एकाने नकळत लिहिलेला शब्द होता 'पोकळ'. म्हणजे कितीतरी महिने आम्ही दर रविवारी एक स्पीकर उलटा जोडून गाणे ऐकत होतो!

तेव्हा पहिल्या दिवशी आमचा कान चुकला नव्हता. पडद्याआडच्या पहिल्या परीक्षेतही नाही. फरक खराच होता, ओहम यांच्या घटासारखा. आम्ही तो भलत्याच खाती मांडला होता. पातळीतला तो ०.३ डेसिबलचा फरकही आम्ही समान करून घेतला नव्हता, पण तो गाण्यात आम्हा तिघांना कळला नाही असे दिसते. सराव असलेल्या माणसाला एखादे वेळी कळेलही.

हा प्रयोग शाळेत करायला सोपा आहे. दोन सारखे छोटे स्पीकर घ्यावेत. अॅम्प्लिफायर काढून ठेवून १.५ व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभरच टेकवावा. पडदा बाहेर उसळला तर सेलच्या धन टोकाला लागलेले टर्मिनल लाल, आत गेला तर उलट. खुणा नसलेल्या जुन्या स्पीकरांवर अशा खुणा करून घ्याव्यात. मग दोन्ही स्पीकरांना एकच, म्हणजे मोनो, आवाज द्यावा. त्यासाठी तबल्याचा डग्गा किंवा पुरुषाचा भारदस्त आवाज चांगला. स्पीकर समोरासमोर धरून हळूहळू जवळ आणावेत. सरळ जोडणीत आवाज भरीव होत जातो. एकाच्या तारा उलट केल्यावर मात्र पडदे वीतभर अंतरावर आले, की डग्ग्याचा घुमारा मुलांच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. मागच्या बाकावरच्यांनाही तो कळतो.

आमच्या त्या घरी अजून चौदा-छत्तीसच आहे, लाल दोऱ्यासकट. नवी केबल तिच्या मालकाने घरी नेली. ती उत्तम चालते आहे.